बेबीचा हिस्सा

भावानं बेबीचा अंगठा पकडला आणि शाईच्या पॅडवर दाबला. ती हात ओढत होती. त्यानं मनगट पिरगाळलं. तालुक्याच्या गावी, सडक अर्जुनीला, रजिस्ट्रीच्या ऑफिससमोर, अर्जनवीसाच्या टेबलापाशी. भर दुपारी. चहाच्या टपरीवरचे लोक बघत होते.

अर्जनवीस म्हणाला, "पागल हाये का जी हे? मंग हिचं नाव लावलंच कायले?"

भाऊ हसला.

बेबी माझी धाकटी बहीण. जन्मापासून मतिमंद. वय तिशीच्या पुढं, समज लहान पोरीएवढी. आई आधीच गेली होती, त्या उन्हाळ्यात बाबाही गेले. धानाच्या शेतांवर, आमच्याकडच्या बांध्यांवर, तिघांची नावं चढली. भाऊ, मी, बेबी. एक बांधी हायवेला लागून होती, तिथं कुणाला तरी ढाबा टाकायचा होता. म्हणून भावानं आम्हा दोघींकडून हक्कसोड करून घ्यायचं ठरवलं. बहिणीनं सही करायची, साडी घ्यायची, सासरी जायचं. आमच्याकडे असंच चालतं. मीही त्याच तयारीनं आले होते. भांडायचं त्राण नव्हतं.

"दादा, दुखते," बेबी म्हणाली. अगदी हळू.

मोठ्यानं रडणं तिनं कधीच सोडलं होतं. भावाच्या घरी पाहुणे आले की तिला गुरांच्या कोठ्यात बसवत. ताटही तिथंच, बैलांशेजारी. आवाज केला तर वहिनी बाहेरून कडी लावायची. रोवणी आली की मात्र आठवणीनं बाहेर काढत. दिवसभर चिखलात वाकून ती बायांच्या ओळीत धान रोवायची. बायांना मजुरी. बेबीला भात.

मी म्हटलं, "दादा, सोड तिले."

"तू आपली सही कर. तिचं मी पाहतो."

"काय लिहून घेऊन राहिला, समजते का तिले?"

"दोन टाइम भात भेटते ना तिले. वावर कायले पाहिजे?"

तो चिडून बोलला नाही. सहज बोलला. गुरांबद्दल बोलावं तसं.

मला रागही आला नाही. फक्त दिसलं. बेबीला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तिचा अंगठा ओढायचा. मला म्हणता येत होतं, पण मी म्हणणार नाही, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. तिचं मनगट तो पिरगाळत होता. माझं कधीचंच पिरगाळून झालं होतं, माहेर माहेर म्हणत.

मी त्याची बोटं तिच्या हातावरून सोडवली.

"मी सही करत नाही. हिचाही अंगठा लागणार नाही."

अर्जनवीस कागद गोळा करायला लागला. "ताई, घरचं घरी मिटवा."

भाऊ म्हणाला, "आजपासून तुले माहेर नाही."

मी बेबीला घेऊन एसटीत बसले. घरी नवऱ्यानं विचारलं, "किती दिवस राहणार हे?"

"मी हाये तोवर."

तो जेवला नाही त्या दिवशी. घर दोन खोल्यांचं. बेबीला अजूनही रोज आंघोळ घालावी लागते, केस विंचरावे लागतात. माझी कंबर दुखते. शेजारणी विचारतात, काऊन एवढं करून राहिली?

तालुक्याच्या कोर्टातल्या वकीलबाईंनी समजावून सांगितलं. बापाच्या जमिनीत तिघांचा सारखा वाटा. बुद्धी कमी म्हणून वारसा जात नाही. असा अंगठा घेतलाही असता, तरी कोर्टात टिकला नसता. आमची नावं काढणारा फेरफार होऊ नये म्हणून मी तलाठ्याकडे हरकत दिली. बेबीचं पालकत्व मला मिळावं म्हणून अर्ज केला. तेव्हापासून तारखा चालू आहेत. कधी साहेब नसतात, कधी भावाचा वकील.

मागच्या आठवड्यात काका आले. भावानंच पाठवलेले. म्हणाले, "तुया हिस्सा तो देऊन राहिला. बेबीचा सोड. तिच्या मागं कोन हाये खायले?"

"बेबी हाये ना, काका. तिचं ते खाईल."

ते चहा न घेता गेले.

सोमवारी परत तारीख आहे. बेबीला घरी ठेवून जा, तिथं तिचं काय काम, असं नवरा म्हणतो. मी ठेवत नाही. जमीन तिची आहे. तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोर बोला. साहेबांच्या पुढच्या खुर्चीवर ती बसेल. मी उभी राहीन.