टँकरच्या ग्रुपचे ॲडमिन

ग्रुपवर वावगा मेसेज दिसला की काका फोन खिशात टाकत आणि चपला शोधू लागत. "आधी माणूस बघून येतो." मेसेज टाकणाऱ्याच्या घरी जाऊन, चहा घेऊन, त्याच्याच हाताने तो पुसून घेत. तोवर आमच्या मुकुंदवाडीच्या कॉलनीत निम्म्यांनी तो पुढे पाठवलेला असे.

तुमच्या कॉलनीतही असा ॲडमिन असेल, तर माझा वैताग तुम्हाला कळेल. मी पाचोडला शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. एका मोठ्या ॲपवरच्या पोस्ट तपासायची नोकरी मिळाली, याचं मला फार अप्रूप होतं. तिथे आम्ही काही सेकंदांत निकाल लावायचो.

दुष्काळ होता, कॉलनी टँकरवर होती. एका सकाळी व्हिडिओ फिरला. कुणीतरी टँकरच्या पाण्यात पाय धुतोय. गाव भलतंच होतं, पण खाली आमच्या टँकरचा नंबर लिहिलेला. दुपारी शेजारच्या वस्तीत लोकांनी आमच्या ड्रायव्हरची कॉलर धरली. तो म्हणाला, "काका, कल से मैं नहीं आता."

व्हिडिओ आमच्या ॲपवरही होता. मी तक्रार केली. "काका, कंपनीने वरूनच एकदा उडवला की संपलं." संध्याकाळी उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. मराठी न कळणाऱ्या कुणीतरी तो पाहिला असावा. कुठली पोस्ट कुणाकडे जाणार हे मशीन ठरवायचं; माझ्या टेबलावर ती येणारच नव्हती.

काका मात्र उन्हात, व्हिडिओ फिरलेल्या एकेका ग्रुपच्या ॲडमिनचं घर गाठत होते.

"अहो काका, ग्रुप लई आहेत. किती दारं हिंडणार?"

"उघडतील तेवढी."

तिघांनी व्हिडिओ काढला. चौथा म्हणाला, "ग्रुप माझा हाय. ठेवीन नायतर काढीन. तुम्ही कोण?" काका त्याच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. व्हिडिओ तसाच राहिला.

मग ड्रायव्हरची समजूत घालून काका स्वतःच टँकरमध्ये त्याच्या शेजारी बसू लागले. ओळखीचा म्हातारा पुढे दिसला की वस्तीत कुणी हात उचलत नसे.

मी चिडून म्हणालो, "आता रोज हेच करणार का?"

"व्हिडिओ आहे तोवर बसतो. तुला काय त्रास आहे?"

उन्हाळा सरायच्या आत काकांना चक्कर आली आणि मुलाने त्यांना पुण्याला नेलं. जाताना ते ग्रुपमधून बाहेर पडले, आणि फोनने परस्पर मलाच ॲडमिन ठरवलं. दुसऱ्या सकाळी मी ऑफिसला निघालो होतो, तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला.

"साहब, हर्सूल में टँकर भरके खड़ा हूँ. आज बाजू में कौन बैठेगा?"