भोंगा थांबेपर्यंत

कमल गेल्याचं मला तिच्या सुनंदानं येऊन सांगितलं. मी नळावर होते, हंडा भरत आला होता. "मावशी, आई उठत नाहीये," एवढंच ती म्हणाली आणि मी हंडा तसाच टाकून धावले. तो मागून घरी कुणी आणून ठेवला, मला अजून माहीत नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. जेमतेम चाळिशी ओलांडलेली बाई, आदल्याच दुपारी माझ्या घरी बसून माझ्या चहाला नावं ठेवून गेलेली... खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, रागच आला. असं न सांगता जातात का?

आमची ओळख चिंचवडच्या वसाहतीतली. तिचे आणि माझे यजमान एकाच कंपनीत. आम्ही साताऱ्याकडून आलेलो, ती मात्र इथलीच, चिखलीची, आणि ते ती आम्हाला कधी विसरू द्यायची नाही. वसाहतीचा सगळा कारभार कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. एक भोंगा झाला की डबे भरायचे, दुसरा झाला की चहाचं आधण ठेवायचं. मनगटावर घड्याळ काय ते आमच्यातल्या एकट्या निर्मलेच्या. ती बालवाडीत शिकवायची आणि आम्हालाही अधूनमधून शिकवू बघायची.

माझा नंदू अडीच वर्षांचा असताना तापानं गेला, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. पहिली शिफ्ट सुटायचा दुपारचा भोंगा सुरू झाला तेव्हा तो माझ्या मांडीवर धापा टाकत होता. भोंगा थांबला तेव्हा खोलीत कसलाच आवाज नव्हता. त्यानंतर रोज दुपार कलली की मला भोंग्याची धास्ती बसायची. मी कानांत कापूस घालून, वर पदर आवळून कोपऱ्यात बसायचे. गुरुवारी कंपनीला सुट्टी, भोंगा नाही, तर न वाजणाऱ्या भोंग्याची वाट बघण्यात दिवस जायचा. झोप नाही, डोळ्यांत टिपूस नाही. शेवटी शेवटी तर भोंग्यामागोमाग घरी येणाऱ्या यजमानांना मी दार उघडेनाशी झाले. ते बिचारे पायरीवर बसून राहायचे. हिला माहेरी पाठवा, असं वसाहतीतच थोरल्या जावेकडे राहणाऱ्या सासूबाई येऊन म्हणू लागल्या. गेले असते तर परत आले नसते, हे मला कळत होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

अशात एका सकाळी कमल दारात उभी राहिली. "सुमे, लुगडं बदल. माझ्या भावाची गाडी मंडईतून रिकामी चाललीय. चिखलीला हुरडा खायला जायचं."

सकाळीच आलेल्या सासूबाई भडकल्या. "घरात दुःख ताजं असताना सून रानात हुरडा खायला जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोक आमच्या गाडीत बसणार न्हाईत, मावशी," कमल म्हणाली आणि माझा दंड धरून मला उठवलं. माझ्या कानाशी लागून ती हळूच बोलली, "चिखलीला भोंगा ऐकू येत न्हाई. माझ्या गळ्याची आण."

त्या एका वाक्यावर मी बैलगाडीत चढले. निर्मला रजा काढून आली होती. वाटेत कमलनं तिला घड्याळ काढायला लावलं आणि ते स्वतःच्या पिशवीत टाकलं. इंद्रायणीकाठच्या त्या रानात भावानं आगटी पेटवली. कमल कणसं भाजून, चोळून गरम हुरडा माझ्या ओंजळीत टाकत होती, मी तो तसाच धरून बसले होते. माझं सगळं लक्ष सावल्यांकडे. बांधावरच्या बाभळीची सावली लांबत चालली होती. निर्मला पोरांच्या गमती सांगत होती, कमल गरज नसताना हसत होती, आणि दोघींचे डोळे माझ्यावर होते. "किती वाजले?" मी विचारलं. कमलनं आणखी एक कणीस आगटीत सरकवलं. मी पुन्हा विचारलं, मग ओरडूनच विचारलं.

आणि तेवढ्यात तो आला. वाऱ्यावरून, अगदी बारीक, पण तोच.

त्याचं असं होतं, की कमल लग्न होऊन चिखलीतून निघाली तेव्हा कंपनीच उभी राहिली नव्हती. दुपारी माहेरच्या बांधावर बसायला तिला त्यानंतर कधी फुरसत मिळालीच नव्हती. तिनं आण घेतली ती लहानपणच्या चिखलीच्या भरवशावर. निर्मला पांढरीफटक पडली. मी कान दाबून घेतले. कमल मात्र ताडकन उठली, पदर खोचून बांधावर चढली आणि चिंचवडच्या दिशेला तोंड करून तिनं शिव्यांची लाखोली सुरू केली. "मेल्या, हितं बी आलास व्हय! मुडद्या, तुझं बॉयलर फुटलं! माझ्या भनीला दोन घास खाऊ दे की!" भोंगा वाजत होता तोवर ती थांबली नाही. बैल बिचकून उभे राहिले. माझे हात कधी खाली आले कळलं नाही. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचं रडू झालं... नंदू गेल्यापासूनचं पहिलं. कमल बांधावरून उतरली आणि मला पोटाशी धरून स्वतःही रडली. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपले. उठले तेव्हा आगटी विझली होती, दोघी हलल्याही नव्हत्या. ओंजळीतला हुरडा माझ्या पदरात सांडला होता. तो गार हुरडा मी बसल्या बसल्या सगळा खाल्ला. त्या संध्याकाळी यजमान पायरीवर बसले होते. मीच कुलूप काढलं आणि त्यांना आत बोलावलं.

दुसऱ्या दिवसापासून कमल रोज भोंग्याच्या जरा आधी माझ्याकडे यायला लागली. भोंगा सुरू झाला की ती आवाज चढवायची. भाजीचे भाव, दिराची भांडणं, काहीही, पण भोंग्याच्या वर. वसाहतीतल्या नव्या बायकांना वाटायचं, मी बहिरी आहे. पुढं मला भोंग्याचं काही वाटेनासं झालं, तरी तिचं येणं चुकलं नाही आणि मीही तिला कधी नको म्हटलं नाही.

परवा दुपारी तिच्या घरी गेले. सुनंदा दारातच बसली होती. "या वेळी आई तुमच्याकडेच असायची ना?" ती म्हणाली. तेवढ्यात भोंगा झाला. मी तिच्याशेजारी बसकण मारली आणि सुरू केलं... तिची आई माझ्या चहाला काय काय म्हणायची, बैल कसे बिचकले, सगळं.

"मावशी, इतक्या मोठ्यानं का बोलता? मी जवळच आहे ना," सुनंदा म्हणाली.

भोंगा अजून वाजत होता. मी आवाज आणखी चढवला.