सातची हजेरी

"हाजिर!"

संध्याकाळी सातच्या ठोक्याला सुभेदार एवढंच म्हणायचे, तेही मोबाइलकडे बघून. फोन हातभर लांब धरलेला, पाठ ताठ, टाचा जुळलेल्या. 'हाजिर' म्हणून झालं की मिनिटभर तसेच उभे राहायचे. मग फोन कोनाड्यात ठेवून काकूंना हाक मारायचे, "चा टाक गं."

कुपवाडच्या कारखान्यांकडे गेला असाल तर गेटवर असा माणूस तुम्ही नक्की पाहिला असेल. सैन्यातून निवृत्त झालेला, मिशीला पीळ, आणि पहारेकऱ्याचा स्वस्तातला गणवेशही असा घातलेला की साहेबानंच सलाम ठोकावा. आमचे सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या कॉलनीत घर बांधलं आणि एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली. सगळी कॉलनी त्यांना सुभेदारच म्हणायची. मी काका म्हणायचो, कारण त्यांचा मुलगा अभ्या माझा मित्र होता.

गेटवरची गाड्यांची वही त्यांच्या ताब्यात असे. एकदा मालकाच्या मेव्हण्याचा ट्रक पाऊण तास उशिरा आला. मेव्हणा म्हणाला, "सुभेदार, नऊ लिहा." सुभेदारांनी नऊ पंचेचाळीस लिहिलं. मेव्हणा तापला, तेव्हा शांतपणे म्हणाले, "साब, घड्याळ म्हनतंय त्ये मी लिवतो. भांडायचं तर घड्याळाशी भांडा." दुसऱ्या दिवशी त्यांची बदली मागच्या गेटवर झाली. तिथे पंखा नाही, माणूस नाही, नुसती भटकी कुत्री. चार महिने त्यांनी तिथे काढले. कॉलनीतले लोक हसायचे, तर म्हणायचे, "खोटी नोंद आपल्या हातनं व्हनार न्हाई. कुत्र्यांची बी खरीच लिवतो." आणि खरोखर त्यांनी वहीत कुत्र्यांची ये-जा वेळेसकट लिहून ठेवली होती.

अभ्याचं आणि त्यांचं मात्र जमत नव्हतं. पोरानं भरतीला जावं अशी त्यांची इच्छा. अभ्या गेला नाही. कुपवाडातच एका वर्कशॉपला लागला आणि उरलेला वेळ मोबाइलवर युद्धाचा गेम खेळू लागला. मी त्याच्या तुकडीत होतो. "बोटानं लढाई मारतंय," सुभेदार म्हणायचे. "बूड हालंना आन म्हनं दुश्मन पाडला."

आम्ही दोघं तीन घरांच्या अंतरावर राहायचो आणि भेटायचो ते गेममध्ये. मी सांगलीला कॉलेजात, तो कामावर. संध्याकाळी सातला दोघंही कानात इअरफोन घालून हजर, मग दोन-दोन तास गप्पा. प्रत्यक्ष गाठ पडायची ती महिन्यातून एकदा, वाण्याच्या दुकानात. त्यात काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

त्या संध्याकाळी सात वाजून गेले तरी तो आला नव्हता. मी मेसेज टाकला, "कुठं मेलायस? पाच मिनिटांत आला नाहीस तर दुसऱ्याला घेतो." सात वाजून चार मिनिटं झाली होती. मेसेजखाली दोन करड्या खुणा आल्या, म्हणजे पोचला. त्या निळ्या झाल्या नाहीत, म्हणजे वाचला नाही. मी दुसऱ्याला घेतलं आणि खेळायला लागलो.

अभ्या तेव्हा मोटरसायकलवरून घरी येत होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती आणि तिला मागे दिवा नव्हता. नेमके किती वाजले होते ते कुणालाच ठाऊक नाही. सातच्या सुमारास, एवढंच सगळे म्हणतात.

पाठवलेला मेसेज परत घेता येतो, पण त्याला मुदत असते. ती मुदत मी स्मशानात आणि त्यांच्या अंगणात बसून घालवली. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मग उठल्यावर आणि झोपण्याआधी त्या दोन खुणा बघायचा मला नादच लागला. करड्या आहेत, म्हणजे अभ्यानं रस्त्यात फोन उघडला नव्हता. पण आवाज ऐकून त्यानं खिशात हात घातला असेल तर? एक हात सोडला असेल तर? ते खुणांवरून कळत नाही. मी कुणाला हे बोललो नाही. आईलाही नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी गेम उघडला, आणि मित्रांच्या यादीत अभ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला. त्याचं पात्र मैदानात उभं होतं, खेळ सुरू होण्याआधी सगळे थांबतात तिथे. मी लिहिलं, "कोण आहे?" मिनिटभरानं ठिपका विझला. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच त्यांच्या घरी जाऊन बसलो, आणि ते 'हाजिर' पहिल्यांदा ऐकलं.

अभ्याचा फोन अपघातातून वाचला होता. काच तेवढी तडकली होती. त्याला लॉक नव्हतं, कारण 'कुलूप फकस्त ट्रंकेला' हा त्या घरचा नियम. काकू तो रोज चार्जिंगला लावायच्या. सात वाजले की गेमची सूचना वाजायची, हिंदीत लिहिलेली: आज की हाज़िरी बाकी है. आम्हा पोरांना चिकटवून ठेवायची ती कंपनीची युक्ती. सुभेदारांनी तो हुकूम मानला.

"हजेरी चुकली की नाव कटतंय," ते मला म्हणाले. "त्याचं नाव कटाय नगं."

असं काही नसतं, हे मला सांगता आलं असतं. मी त्याऐवजी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

पुढे रोजच जाऊ लागलो. अभ्यानं पात्राला गुलाबी सशाचे कान लावले होते. सुभेदार हैराण. "ह्ये काय घातलंय यडपटानं? आन केस बग. हितं कटिंग करता येती का?" मी कटिंग करून दिली, कान उतरवले. सलामाची खूण मिळवायला मला आठवडाभर खेळावं लागलं, तेव्हा कुठे ती त्यांना पाठवता आली. पात्रानं सलाम ठोकला. सुभेदारांनी तो बारकाईनं पाहिला आणि म्हणाले, "कोपर लय खाली हाय. पर चालंल."

एकदा पात्राच्या डोक्यावरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्ये काय लिवलंय?"

"नाव आहे, काका. गेममध्ये तो हेच नाव लावायचा."

"काय नाव?"

"सुभेदार."

"मला कवा बोल्ला न्हाई," एवढं म्हणाले आणि त्या दिवशी चहा न मागताच आत गेले.

त्याच सुमारास कॉलेजात 'आभासी जग आणि आपण' असा निबंध लिहायला सांगितला. सगळ्यांनी भराभर लिहिलं, की ते जग खोटं आहे, त्यातून बाहेर यायला हवं. मी दोन ओळी लिहून थांबलो. मला रोज सातला त्या जगात एक गेलेला मुलगा आणि त्याचा बाप एकाच ठिपक्यात दिसत होते. त्यातलं खोटं कोण, ते मला ठरवता येईना. कागद तसाच दिला.

मेसेजांना मात्र सुभेदार हात लावत नसत. का, ते मी एकदा भीत भीत विचारलं. म्हणाले, "दुसऱ्याची चिठ्ठी फोडायची न्हाई. पलटणीत एखादा गेला की मागनं त्याच्या नावानं आल्याली पत्रं तशीच बांधून घरी धाडायचो आमी." मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

मग एके दिवशी गेम अडकला. "बग रं, काय बिगडलंय," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत गेले. गेम सुरू झाला, पण मी तिथे थांबलो नाही. मेसेजांची यादी उघडली. त्यात माझं नाव होतं आणि पुढे न वाचलेल्याचा आकडा. न उघडताही ते पुसून टाकता येतं. मी नावावर बोट दाबून धरलं. वर कचऱ्याच्या डब्याची खूण आली. एकदा टेकवलं की संपलं. बोट पुढे सरकेना. मान वर केली तर सुभेदार दारात उभे, हातात दोन कप.

"चा घे," ते म्हणाले. "निवतोय."

मी काही पुसलं नाही. चहा संपवून घरी आलो आणि रात्री झोपण्याआधी सवयीनं माझा फोन उघडला. दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या. 'कुठं मेलायस?' हे त्या बापानं वाचलं होतं.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना सुभेदार सायकल धरून आमच्या दारात उभे राहिले.

"चिठ्ठी फोडली मी," म्हणाले. "जल्मात पयल्यांदा. तुजं बोट बगितलं म्हनून."

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आता ऐक. फोन त्याच्या खिशात न्हवता. डब्याच्या पिशवीत हुता, डब्याच्या खाली. पोलिसांनी पिशवी माज्याकडं दिली, तवा मी सोता भाईर काढला. त्याला आवाज गेलाच न्हाई. कळलं का?"

"काका, मी..."

"रिपोर्ट दिला. रडायचं आसंल तर रड. मग त्वांड धू आन सातला ये."

मी दारातच बसून रडलो. त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. ज्या माणसानं कुत्र्यांचीसुद्धा खरी नोंद ठेवली, त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

गेल्या वर्षी एका गुरुवारी सातला ठिपका लागला नाही. परीक्षेमुळे त्या दिवशी मी घरीच अभ्यास करत होतो, सवयीनं फोन पाहिला. सात पाच झाले, सात दहा झाले. मी पायांत चप्पल न घालता पळत सुटलो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, गेटवरच छातीत कळ आली, मिरजेला नेलंय. ते परत आले ते पांढऱ्या कापडातच.

आणि गेल्या महिन्यात काकू कायमच्या साताऱ्याकडे, गावी जायला निघाल्या. मी सामान बांधायला गेलो होतो. आवरता आवरता म्हणालो, "काकू, अभ्याची ती डब्याची पिशवी मला द्याल? आठवण म्हणून."

"कसली पिशवी?"

"कामावर डबा न्यायचा, ती."

"त्यो कुटं डबा न्हेत हुता रं? तितं कँटीन हुतं. हात हालवीत जायाचा, हात हालवीत यायाचा. ह्यास्नी त्याचाच राग." काकू ट्रंकेत लुगड्यांच्या घड्या रचत राहिल्या.

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. अभ्याशी मी रोज दोन तास बोलत होतो. त्याला कुठली बंदूक आवडते, तो कुठल्या बाजूनं हल्ला करतो, सगळं मला पाठ होतं. तो दुपारी कुठं जेवतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. सुभेदारांनी ते ओळखलं असणार. आयुष्यात एकच खोटी नोंद केली त्यांनी, माझ्या दारात, सायकल धरून.

काकूंनी कोनाड्यातला फोन काढला, एका लुगड्यात गुंडाळला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. वर आणखी चार लुगडी, वर चादर. झाकण लावलं, कुलूप घातलं. तेवढ्यात सात वाजले.

आतून सूचनेचा आवाज आला. एवढ्या कापडाखालून, बंद ट्रंकेतूनसुद्धा स्वच्छ ऐकू आला. काकूंनी किल्ली पदराला बांधली.

फोन त्या दिवशी नेमका कुठे होता, हे काकूंना ठाऊक असेल. मी विचारलं नाही.