दहावा शब्द

मी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या भावात घेतलेली नाही. देवाच्या दारातही नाही, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

दुबईच्या अल क्वोज भागात माझा किचन कॅबिनेटचा कारखाना आहे. अलिबागहून आलो तेव्हा खिशात सुताराची पेन्सिल होती. आज दारात पिकअप उभी असते आणि तिच्यावर माझं आडनाव चार फूट लांब. (पेंटर तीन फुटांवर अडला होता. त्याच पैशात चौथा फूट काढून घेतला.) आम्ही नागावकर, बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. पिढ्यान्‌पिढ्या एकही शनिवार चुकवला नाही. ती परंपरा मोडायला मला दुबईत यावं लागलं!

बाबा गेल्यावर आईला ठाण्याहून कायमची इकडे आणली. तिथे एकटीच असताना ती न्हाणीघरात पडली होती. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा कळलं. तर इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने बॅग काढली.

“काय झालं आई?”

“शनिवारी जायला जागा नाही, चार माणसं नाहीत. हे घर आहे की गोदाम? महिन्याभरात आपली मंडळी शोध, नाहीतर माझं तिकीट काढ.”

“एसी आहे, लिफ्ट आहे, काय कमी आहे तुला?”

“लिफ्टमध्ये प्रार्थना करू?”

मी कामाला लागलो. प्लायवूडसाठी तीन कोटेशन घेतो, तशी तीन ठिकाणं काढली. पहिली मंडळी कडक. शनिवारी गाडी नाही, चालतच यायचं. आम्ही राहतो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. तिथून चालत निघालो असतो तर पुढच्या शनिवारी पोचलो असतो! जवळच्या फ्लॅटचं भाडं विचारलं. वर्षाला दीड लाख दिरहॅम, म्हणजे पस्तीस लाख रुपये. “देव एवढ्या महाग वस्तीत राहतो?” आईने विचारलं. “आणि शनिवारी रिक्षात मी ठाण्यातही बसायचे. त्याला माझे गुडघे ठाऊक आहेत.”

दुसरी मंडळी एकदम मोकळी. इतकी मोकळी, की त्यांनी आईच्या पुढ्यात तळलेली कोळंबी ठेवली. खवले नसलेली मासळी आमच्या घरात सात पिढ्यांत शिजलेली नाही! आईने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गाडीची किल्ली काढली.

तिसरी मंडळी छोटीशी. एका व्हिलाच्या हॉलमध्ये जमणारी; कुणी फ्रान्सचा, कुणी अर्जेंटिनाचा, सगळेच पोटासाठी आलेले. निम्मे सगळं पाळणारे, निम्मे काहीच न पाळणारे. चालणारे चालत येत, गाडीवाले कोपऱ्यापलीकडे गाडी लावून येत. नियम एकच: कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

तरी मला विचारलंच! त्या व्हिलाचा मालक डेव्हिड, जोहान्सबर्गचा, फोनवर गोड आवाजात म्हणाला, “इंडियन? वंडरफुल! व्हेन डिड यू कन्व्हर्ट?”

माझं डोकं सणकलं. “मिस्टर, आमचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं तेव्हा तुझं जोहान्सबर्ग नकाशावर नव्हतं!”

त्याने तीनदा माफी मागितली. मी एकदाही दिली नाही. (अजून दिलेली नाही. शिल्लक ठेवली आहे.)

हा राग पोटात ठेवून मी शनिवारी आई आणि बायको रेचल यांना घेऊन निघालो. सगळ्यांच्या गाड्या कोपऱ्यापलीकडे, आणि माझी चार फुटी आडनावाची पिकअप बरोबर फाटकासमोर! रेचल म्हणाली, “अहो, नियम...” मी म्हटलं, “कळू दे कोण आलंय ते.”

आत डेव्हिडने दोन्ही हात पुढे केले. मी मुद्द्याला हात घातला. “अटी सांगा.”

“अटी? नो कंडिशन्स. जस्ट कम.”

“वर्गणी?”

“शब्बाथला पैशाचं बोलायचं नाही. बट नथिंग, रिअली.”

आता सांगा, पहिल्याच भावाला कुणी ‘काही नको’ म्हणालं, तर कुठला शहाणा विश्वास ठेवेल? मी अटी टाकल्या. आई पहिल्या रांगेत बसणार. महिन्यातून एकदा आमचा मलिदा होणार. गोड पोहे, नारळ, पाच फळं, आमच्या पद्धतीने.

“ऑफ कोर्स,” डेव्हिड म्हणाला.

दोन्हीला हो! म्हणजे मी कमी मागितलं! मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. अल क्वोजमध्ये ते सगळ्यांना माहीत आहे: “खलास, नाही जमणार,” म्हणायचं आणि दाराबाहेर पडायचं. पन्नास पावलांच्या आत दुकानदार “हबीबी, हबीबी” करत मागे धावतो. मी म्हटलं, “खलास,” आणि बाहेर पडलो.

पिकअपमध्ये बसलो. एसी लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हबीबी नाही! फोन समोर ठेवला, तो गप्प. आत शब्बाथ, फोनला कोण हात लावणार? पाव तासाने डेव्हिड फाटकात आला. आपल्याला गरज नाही असं दाखवायचं म्हणून मी फोन कानाला लावला आणि कुणीच नसलेल्या माणसाला प्लायवूडच्या मापांवरून झापायला लागलो. डेव्हिडने पाहिलं, मान लववली आणि दार हलकेच लोटून आत गेला. त्याला वाटलं असणार, शनिवारी फोनवर धंदा करतो बिचारा; नसेल पाळत. आपण विचारायचं नाही!

एक तास झाला. पेट्रोलचा काटा उतरला, माझा पारा चढला. शेवटी काचेवर काठी वाजली. आई!

“मेल्या, आत नऊ पुरुष ताटकळलेत तुझ्यासाठी!”

“माझ्यासाठी?”

“दहा पुरुष झाल्याशिवाय तोराचा ग्रंथ वाचता येत नाही, विसरलास? त्यांचा दहावा याच आठवड्यात सिंगापूरला गेला. त्या डेव्हिडने चार वेळा मोजलं.”

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. शास्त्रातलं दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेकाकडे पाहायचं. वचन पुरं झालं की मंडळी पुरी.

“चारही वेळा वचन शेवटच्या शब्दाशी अडलं,” आई म्हणाली. “तो शब्द इथे एसी खात बसलाय!”

मी ताठ झालो. म्हणजे गरज त्यांना होती! हे आधी कळलं असतं तर काय भाव मिळाला असता! “आई, थांब, आता बघ मी कसा...”

“सौदा झालाय. मी केला. दर शनिवारी तू यायचंस, आठाच्या आत. मलिद्याचे नारळ तू खवायचेस. आणि गाडी कोपऱ्यापलीकडे.”

“आणि आपल्याला काय मिळालं?”

“मी राहतेय,” आई म्हणाली आणि वळली.

मी आत गेलो. डेव्हिडने पहिल्यापासून मोजायला घेतलं आणि शेवटचा शब्द माझ्याकडे बघून म्हटला. काय सांगू, चार फुटी आडनाव रंगवून झालं त्या दिवशीही छाती एवढी फुगली नव्हती. नऊ देशांतली नऊ माणसं एका शनवार तेल्यासाठी तासभर खोळंबली होती!

तेव्हापासून मी रुबाबात, सगळ्यांत शेवटी आत शिरायचो. वचन माझ्यापाशी पुरं व्हायचं. आईने बॅग माळ्यावर टाकली, अर्जेंटिनावाल्याला मलिद्याचा दुसरा वाडगा लागायला लागला, आणि डेव्हिड प्रत्येक नवख्याला सांगायचा, “ही इज अवर टेन्थ.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

गेल्या महिन्यात असाच शेवटी शिरलो. डेव्हिड मोजत होता. शेवटचा शब्द त्याने दाराशी बसलेल्या एका अनोळखी तरुणाकडे बघून म्हटला. नवीन नोकरीवर आला होता, आदल्याच दिवशी. वचन संपलं, तोरा उघडली, आणि मी मधोमध उभा! माल वाढला की भाव पडतो, हे अल क्वोजमध्ये मी दुसऱ्यांना शिकवतो.

पहिल्या रांगेतून आई वळली. “आता खुशाल जा गाडीत बसायला,” ती म्हणाली. “हवं तेवढं बस.”

गेलो असतो, खरंच गेलो असतो. पण बाहेर पंचेचाळीस डिग्री होती, आणि पिकअप कोपऱ्यापलीकडे लावलेली होती!