एकाएकी काही होत नाही

आमच्या वरकुट्यात रक्तवाली बाई पहिल्यांदा आली तेव्हा आम्हाला वाटलं, साखर तपासायला आली असेल. पण तिचं काम निराळंच होतं. पुण्याचं एक मोठं हॉस्पिटल, बारामतीचं एक कॉलेज आणि समुद्रापलीकडचं एक विद्यापीठ, अशा तिघांनी मिळून संशोधन काढलेलं. म्हातारं माणूस एकटं पडलं तर त्याचं रक्त बदलतं का, हे बघायचं. बारामतीनं रक्त काढायचं, पुण्यानं तपासायचं, आकडेमोड परदेशानं करायची. पेरणीला एकमेकांच्या रानात राबून सावड करतात ना, अगदी तसं.

एके सकाळी आम्ही म्हातारी मंडळी उपाशीपोटी समाजमंदिरात जाऊन बसलो. बाईनं रक्त घेतलं, नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि हातातल्या टॅबवरून एकेकाला प्रश्न वाचून दाखवले. उत्तरं तीनच: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. त्यातला एक प्रश्न होता, "तुम्हाला किती वेळा एकाकी वाटतं?" मी म्हणाले, "कधीच न्हाय." बाकीचे सगळे 'नेहमी', नाहीतर 'कधीकधी'.

मी शाळेत गेले नाही. मुलाच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, अजूनही भजी बांधून आलेला कागद वाचल्याशिवाय टाकत नाही. पण हा शब्द काही मला भेटला नव्हता. मी ऐकलं, 'एकाएकी'.

आता घरचं सांगते. मालक गेले त्याला दोन वर्षं झाली. गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून दोन्ही गाई विकल्या. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, बिऱ्हाड तिथंच, नातीची शाळा तिथंच. मोटरसायकलवर तासाभराची वाट. रविवारी फोन असतो, सणाला येणं असतं. त्याचं काही चुकत नाही.

काही महिन्यांनी निरोप आला, मोठी माणसं तुमच्याच घरी येणार आहेत. मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून फरसाण घेऊन आला. पुण्याचे डॉक्टर, बारामतीचे सर आणि परदेशातली एक बाई, तिघं माझ्या सतरंजीवर बसले. परदेशी बाईला मांडी जमेना, तिला मी पाट दिला. रक्तवाली बाई दारापाशी टेकली. ओट्यावर शेजारचे आबा आणि निम्मी आळी.

डॉक्टर म्हणाले, "आजी, सगळ्या गावात तुम्ही एकट्याच म्हणालात, एकाकी कधीच वाटत नाही. कसं जमवता हे? आम्हालाही सांगा."

परदेशी बाईनं वही उघडली. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली.

आबा ओट्यावरून ओरडले, "तिला काय, समोर भिंत असली तरी बोलत बसती!"

"तुमी गप ऱ्हावा आबा," मी म्हणाले. "साहेब, माझं सगळं हळूहळू असतंय. गुडघा हळूहळू धरला, डोळाबी हळूहळू गेला. एकाएकी मला काय सुदीक होत न्हाय."

 रक्तवाली बाईनं कपाळाला हात लावला.

"आजी, एकाकी. एकाएकी नव्हं."

"म्हंजी?"

"म्हंजी एकटं एकटं वाटणं."

 ओट्यावरून आबा म्हणाले, "आगायाया! मी एकाएकी चक्कर येती म्हणून 'नेहमी' सांगितलं. माझी चक्कर परदेशात गेली की!" शेजारणीचा एकाएकी सुटणारा घामही गेला होता. सगळी आळी हसली. सरांनी इंग्रजीत समजावल्यावर परदेशी बाईसुद्धा तोंडावर हात धरून हसली.

मी म्हणाले, "आवं, करमतं का, असं इचारा की. शेंबड्या पोरालाबी कळंल."

डॉक्टरांनी शब्द लिहून घेतला. मग वर बघून सहज म्हणाले, "बरं, मग तुम्हाला करमतं का आजी?"

मुलगा चहा ओतत होता. त्याचा हात थांबलेला मी बघितला. आमच्याकडं म्हातारी 'करमत नाही' म्हणाली की तिच्याकडं कुणी बघत नाही, सगळे मुलाकडं बघतात. नंतर सुनेकडं.

"करमतंय की," मी म्हणाले. "न करमायला काय झालं?"

चहा पुढं आला. पाहुणे गेले. आईनं आपलं नाव राखलं म्हणून मुलगाही मोकळ्या मनानं गेला.

पुढच्या महिन्यात रक्तवाली बाई पुन्हा घरोघर फिरली, या खेपेला माझा शब्द घेऊन: किती वेळा करमत नाही? माझ्याकडं शेवटी आली. "आजी, तुमचं त्या दिवशीचंच लिहू ना?"

"पोरी, आमचं रक्त आन् उत्तर तुमी जोडून बघणार?"

"व्हय."

"आन् उत्तर खोटं असलं तर?"

ती म्हणाली, "मग रक्त खरं बोललं तरी आम्हाला कळायचं नाही."

तीन गावची शहाणी माणसं राबतायत आणि मी त्यांच्या पिठात खडा टाकतेय. मला बसवेना. मी म्हणाले, "मंग लिही. न्हाय करमत."

"किती दिवस आजी? आठवड्यातनं?"

"दिवस कसले मोजतीस? सकाळ जाती कामात. चार ते सात न्हाय करमत."

ती गाईंच्या धारेची वेळ. चार वाजले की माझे हात आपसूक पदर खोचतात. मग ध्यानात येतं, गोठ्यात आता सरपण आहे. साडेपाचला डेअरीचा टेम्पो येतो, आळीतल्या बाया किटल्या घेऊन त्याच्याभोवती जमतात, बोलतात, भांडतात. माझ्याकडं किटली नाही. रिकाम्या हातानं तिथं जाऊन उभं कसं राहायचं? सात वाजता सगळ्यांची दारं लागतात, मग मी आणि त्या सारख्याच.

टॅबमध्ये चार ते सातला चौकट नव्हती. बाईनं 'नेहमी'वर बोट ठेवलं आणि खाली काहीतरी लिहिलं.

"माझ्या लेकाला कळंल का गं?"

"नाव कुठं जात नाही आजी. नंबर जातो."

बाई गेली. माझं न करमणं आता पुण्याला जाणार होतं, समुद्रापलीकडं जाणार होतं. तासाभरावर बारामतीत असलेल्या लेकाकडं तेवढं जाणार नव्हतं. चार दिवस ते मनाला लागून राहिलं.

रविवारी मुलाचा फोन आला. मी मन घट्ट केलं. म्हणाले, "आरं, चार ते सातच्या मधी फोन करत जा की कधी."

"का गं? तवाच का?"

 "तवा रेंज चांगली असती," मी म्हणाले.

त्यानंतर तो दोनदा कंपनीतून, सुट्टी होता होता, साडेपाचला बोलला. दोन्ही वेळा आवाज तुटत होता. आणि रेंज चांगली असते हे मीच सांगितलेलं, म्हणून ऐकू येत नाही असंही मला म्हणता येईना. मी नुसतं व्हय व्हय म्हणत राहिले.