सेमाडोहला जाता जाता: दिगूदादाच्या दुकानातलं बंद नेट

अकरा वर्षं मी पुण्यात एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसते आहे. "नेट चालत नाही" हे वाक्य दिवसाला किती वेळा ऐकते, याचा हिशेब ठेवायचं मी सोडून दिलंय. त्यामुळे यंदा सुट्टी घ्यायची ती जिथे मोबाइलला रेंज नाही अशा ठिकाणीच, असं ठरवलं आणि सेमाडोहची खोली धरली. पावसाळ्यात तिथली जंगल सफारी बंद असते, हे आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या द्याल. जायचं ते सिपना नदीसाठी आणि हिरव्या डोंगरांसाठी.

सकाळी अकोल्याला गाडीतून उतरले, स्टँडजवळ पोहे-तर्री खाल्ली. तर्री तिखट असते, "कमी तिखट" सांगून काही उपयोग नाही. दर्यापूरची एसटी नुकतीच सुटली होती, म्हणून काळीपिवळी जीप धरली. जीप गच्च भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा हाताशी अर्धा तास ठेवा. रस्त्याला दोन्हीकडे सोयाबीन आणि कापूस. आदल्या हंगामात बोंडअळीने कापूस खाल्ला होता, तुरीचाही भाव पडला होता. शेजारच्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "यंदा कसं आहे?" तर तो म्हणाला, "पाहून राहिलो बाई, अजून काई बोलत नाई पीक."

दर्यापूरच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, का ते कळेलच. तिथे माझा आतेभाऊ दिगूदादा राहतो. घराणं पौरोहित्याचं, पण आता लग्नमुंजी कमी झाल्या म्हणून त्याने ओट्यावर दुकान टाकलंय: झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि संगणकावर कुंडल्या. तासभर थांबून, जेवून दुपारच्या गाडीने घाटाच्या पायथ्याचं परतवाडा गाठायचं, असा माझा बेत होता.

वहिनीने पानगे आणि वांग्याची भाजी वाढली. घास तोंडात असतानाच दिगूदादा म्हणाला, "बरं झालं व तू आली. आमचं नेट पाहून दे जरा. चार-पाच महिन्यांपासून खेळ करून राहिलं."

घ्या! मी तीनशे मैल पळून आले ते ह्यासाठी?

दुकानात एक मुलगी उभी होती. नाझिया, गाद्या भरणाऱ्या सलीमभाईंची थोरली. बारावी झालेली, हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. तिला कृषी पदवीला दुसऱ्या फेरीत जागा मिळाली होती आणि ती पक्की करायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. मोबाइलवर त्या साइटचं पक्कं करायचं बटणच दिसत नव्हतं. दर्यापूरच्या केंद्रावर दोन दिवसांची रांग. राहिला दिगूदादाचा संगणक, आणि त्यावर ब्राउझर ते पान उघडायलाच तयार नव्हता.

आता माझ्यातली हेल्पडेस्कवाली जागी झाली. राउटर बंद करून चालू केला. वायर काढून लावली. ब्राउझरचा जुना साठा पुसला, दुसरा ब्राउझर टाकला. नेट कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने मला "रिस्टार्ट करून पाहा" म्हटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं, कारण हेच मी लोकांना अकरा वर्षं सांगत आले आहे आणि ते ऐकायला किती अपमानास्पद असतं हे मला त्या दिवशी कळलं. गंमत म्हणजे एक जुनाट बातम्यांची साइट मजेत उघडत होती. म्हणजे नेट होतं! मग बाकीचं का अडतंय? मी घामाघूम. दिगूदादा मागून, "सरकारी साइटच भंगार असतात बाप्पा." सव्वाचार वाजले.

तेव्हा नाझिया हळूच म्हणाली, "ताई, मी बोलू काय? ते घड्याळ मागं हाय म्हणून लिहून राहिलं."

मी स्क्रीन पाहिली. पान उघडलं नाही की जी सूचना येते, ती मी तासाभरात दहा वेळा न वाचता बंद केली होती. इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं: तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यातली तारीख गेल्या नोव्हेंबरची. अशी मागची तारीख असली की सुरक्षित साइटचे नवे दाखले ब्राउझरला खोटे वाटतात आणि तो दार उघडत नाही. जशी एकेक साइट आपला दाखला बदलत गेली, तशी एकेक बंद पडत गेली. त्या जुनाट बातम्यांच्या साइटला असला दाखलाच नव्हता, म्हणून ती तेवढी उघडत होती.

"दिगूदादा, ही तारीख अशी का?"

"ते मीच ठेवली," तो सहज म्हणाला. "कुंडलीचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट हाय. महिना भरला का तारीख मागं घ्याची. पुढं केली तं बंद पडते थे. साऱ्या गावाच्या कुंडल्या त्यात हायेत."

मला हसावं की भांडावं कळेना. भांडलेच. आख्ख्या पंचक्रोशीला मुहूर्त काढून देणारा माणूस, आणि ऐन आषाढात ह्याच्या दुकानात कार्तिक चालू!

पण खरा संताप पुढे आला. नाझिया म्हणाली, "पहिल्या फेरीतही हेच लिहून आलं होतं. मी गुरुजींना सांगतलं होतं."

"काय म्हणाले?"

दिगूदादाच बोलला. "मी म्हणलं, घड्याळ कावून मागं हाय ते मले माहीत हाय, तू नको शिकवू." आणि मग म्हणाला, "तीन दिवस बोलावलं मी तिले. उद्या येईन नेट, उद्या येईन."

पहिल्या फेरीत तिला अकोल्याचं कॉलेज मिळालं होतं. एसटीने रोज जाऊन-येऊन शिकता आलं असतं. ती जागा गेली. आता मिळालेलं कॉलेज बुलढाण्याच्याही पलीकडे, वसतिगृहात राहून शिकायचं. अब्बांनी हो म्हणायला आठ दिवस घेतले होते. शेतीत आहे काय, असं सारं गाव म्हणत असताना शेतीच शिकायची म्हणणारी ही मुलगी, आणि तिला आम्ही दोघा शहाण्यांनी दारात उभं ठेवलेलं.

"मग माझ्यासमोर तासभर गप्प का राहिलीस?" मी चिडूनच विचारलं.

"तुमी पुण्याहून आल्या. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

दिगूदादा उठला. खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस व माय. तूच कर." नाझियाने तारीख बदलली. कुंडलीचं सॉफ्टवेअर मिटलं ते मिटलंच. साइट उघडली. पाचला बारा मिनिटं कमी असताना जागा पक्की झाली आणि दिगूदादाने पावतीच्या दोन प्रती काढल्या. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. माझीही.

परतवाड्याची शेवटची एसटी कशीबशी मिळाली. मुक्काम तिथेच केला. सकाळी घाटातून सेमाडोह: वळणं खूप आहेत, गाडी लागत असेल तर रिकाम्या पोटी बसू नका. सागाचं रान, लाल गढूळ सिपना, झुणका-भाकरी आणि रेंजचं नाव नाही. सगळं हवं तसं होतं, आणि दोन दिवस मी चरफडत होते. लांबलांबच्या गावांतून मुलं एका क्लिकसाठी हेलपाटे घालतात आणि त्यांना अडवणारं वाक्य त्यांच्या भाषेत लिहायचंही कुणाला सुचत नाही. ज्या एकीने ते वाचलं, तिला गप्प बसवलं. परतीला अमरावतीत गिलावडा खाल्ला, बडनेऱ्याहून पुण्याची गाडी धरली.

महिन्याभराने दिगूदादाचा फोन आला. नाझिया गेली. सलीमभाईंनी घरच्या कापसाची गादी भरून, स्वतः एसटीच्या टपावर बांधून नेली. दादा आता कुंडल्या हाताने मांडतो.

हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला. गुरुजींच्या कार्तिकावर सगळे पोट धरून हसले. एकाने विचारलं, "पण बिघाड पकडला कसा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं लक्ष गेलं ना घड्याळाकडे."

त्या रात्री झोप आली नाही. म्हणून हे लिहिलं. बिघाड नाझियाने पकडला. दोनदा.