जुन्या घडणीचं नवं रिव्हॉल्व्हर

त्या शुक्रवारी मी इस्माईलभाईंना शिव्या घालत होते. तशी दर शुक्रवारी घालायचे, पण त्या दिवशी जरा जास्त, कारण कोलंबीचं सुकं पुन्हा पुन्हा गरम करून रबर झालं होतं आणि मस्कतमधल्या अल हैलच्या आमच्या घरासमोर त्यांची टॅक्सी काही थांबत नव्हती. जुम्म्याची नमाज आटोपली की हमरियाहून निघायचं, आमच्याकडे जेवायचं, जेवणाला नावं ठेवायची आणि चहा पिऊन परतायचं, हा त्यांचा नेम. आमचे हे होते तेव्हा यांच्यासाठी यायचे. हे गेल्यावरही "वैनी, पोटाला कुठं कळतं कोण गेला न् कोण ऱ्हायला" म्हणत येतच राहिले. फोन वाजला तशी मी उचलून आधीच ओरडले, "कुठं मेलात?" पलीकडे नासिर होता, त्यांच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, नातू. दुकानात हिंदी ऐकत वाढलेला, एरवी माझ्यापेक्षा झकास हिंदी बोलणारा मुलगा. त्या दिवशी त्याला शब्दच सापडेनात. "खाला... इस्माईल चाचा..." मशिदीबाहेर चपला घालायला वाकले, ते पुन्हा उठले नाहीत म्हणे.

माझा तो प्रश्न अजून घरात फिरतोय. काही आठवडे झाले, पण एका जागी बसवत नाही. खुर्ची खिडकीशी नेते, परत आणते. सून म्हणते, "आई, जरा बसा ना." हे लिहायला बसले आणि आत्ताच उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

इस्माईलभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. ते आणि आमचे हे मस्कतला आले तेव्हा दोघंही बिनलग्नाचे, हमरियात एका खोलीत राहायचे. हे हिशेबनीस, ते बंदुकांच्या दुकानात मिस्त्री. दुकान सालिम अर्बाबचं. परवाना मालकाचा, कारागिरी इस्माईलभाईंची. शिकारीच्या बंदुका, कुणाच्या आजोबांच्या रायफली, जुनी रिव्हॉल्व्हरं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. स्वतःच्या नावावर मात्र जन्मभर काही नाही. परदेशी माणसाला कोण परवाना देणार? "हलवायाला डायबेटीस, तशी आपली गत," म्हणायचे आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायचे. हा खुळखुळाट त्यांचा कायमचा. गप्प बसणं त्या माणसाला जमतच नसे. तोंड बंद असेल तेव्हा खिसा बोलायचा.

मी लग्न होऊन आले ती रहस्यकथांची पोतीच्या पोती वाचून. डोळ्यांवर मोठा गॉगल, अंगावर नायलॉनची साडी, डोळ्यांत बोटभर काजळ, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं हा ठाम समज. यांनी मला मित्राची ओळख करून द्यायला दुकानात नेलं आणि पार्किंगला जागा मिळेना म्हणून मला तिथेच सोडून गेले. समोर एक बारीकसा माणूस फडक्यावर रिव्हॉल्व्हरचे तुकडे मांडून बसलेला. माझी खात्रीच पटली: नवऱ्याचा मित्र स्मगलर आहे. कथांतल्या नायिका अशा वेळी थंड डोक्यानं वागतात, म्हणून मीही थंड डोक्यानं शेजारचं एक जोडलेलं रिव्हॉल्व्हर उचललं आणि नळीत डोकावून बघितलं! तो माणूस ओरडला नाही, उठलाही नाही. एका बोटानं नळी हळूच बाजूला सारली. "वैनी, नळी भिंतीकडं. भिंतीला नवरा नाय." त्या रात्री मी आईला पत्र लिहिलं, की यांचा मित्र गुंड आहे, पण स्वभावानं बरा वाटतो. आई बिचारी वर्षभर अंगारे पाठवत होती. पुढे हे पत्राचं प्रकरण इस्माईलभाईंना कळलं, तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग आमच्याकडे फोन केला की आधी म्हणायचे, "गुंड बोलतोय."

तर रिव्हॉल्व्हर. गेल्या काही वर्षांत परदेशी कंपन्यांनी जुनी नावाजलेली रिव्हॉल्व्हरं पुन्हा काढायला सुरुवात केली. घाट तोच, मूठ तशीच लाकडी, नाव तेच, फक्त आजच्या कारखान्यात घडवलेली. शौकीन पोरं दुकानात येऊन विचारायची, हे नवं घेण्यात अर्थ आहे का? इस्माईलभाई तोंड कडू करायचे. जुन्याचा निळसर काळा रंग वांग्याच्या सालीसारखा खोल, घोडा ओढावा तर लोण्यात सुरी. नव्यात तो हात फिरलेलाच नसतो म्हणायचे. पण त्यांचा खरा राग एका भोकावर. नव्या रिव्हॉल्व्हरच्या कुशीत एक बारीकसं भोक असतं. त्यात चिमुकली किल्ली घालून फिरवली की आतलं कुलूप लागतं, मग घोडा हलत नाही. "चांगल्या चेहऱ्याव देवीचा वण!" मी म्हणायचे, अहो, घरात पोरंबाळं असतात, कुलूप असलेलं काय वाईट? ते म्हणायचे, "मग वैनी, दुधाच्या पातेल्याला पन लावा कुलूप. मांजर नाय यायची."

मी त्यांना माझ्या शालूची गोष्ट ऐकवायचे. मुलाच्या लग्नात मी मोठ्या दिमाखात माझ्या लग्नातला शालू काढून नेसले. कुणीतरी म्हणालं होतं, तसाच नवा विणून मिळतो. मी नाक मुरडलं, अस्सल ते अस्सल! विहिणीला वाकून नमस्कार करायला गेले, तो घडीघडीवर चर्रकन फाटला. उरलेलं लग्न मी जावेची शाल कमरेला गुंडाळून, वात आल्यासारखी उभी राहून काढलं. जुनं बघायला असतं, इस्माईलभाई, वाकायचं असेल तर नवं नेसावं. हे ऐकून ते खूश व्हायचे, पण मत बदलायचे नाहीत.

आणि मग एका शुक्रवारी ते आले आणि जेवलेच नाहीत. जेवणाला नावंसुद्धा ठेवली नाहीत, तेव्हा मी घाबरले.

सालिम अर्बाबकडे त्याच्या वडिलांचं एक रिव्हॉल्व्हर होतं. अर्बाब आता पार म्हातारा, नजर मंदावलेली. पण ईदला सगळं गोत त्याच्या गावाकडच्या खजुराच्या मळ्यावर जमतं, कातळावर पांढरा दगड ठेवतात आणि नेमबाजी होते. पहिली गोळी अर्बाबची, वडिलांच्या रिव्हॉल्व्हरनं. ती सुटल्याशिवाय दुसरा कुणी हात लावत नाही. दर ईदच्या आधी ते साफ करणं इस्माईलभाईंचं काम. या खेपेला तेल पुसून भिंगातून बघतात तो गोळ्या भरायच्या चक्रीला केसासारखी चीर.

"उडवलंन तर हात जाईल, वैनी."

"मग सांगा ना त्याला!"

"सांगितलं. हसला. म्हणतो, माझ्या बापाचं हाय, माझा हात कसा तोडील? म्हणतो, इस्माईल, चीर तुझ्या डोळ्यांत हाय." खिशातला जुडगा जोरजोरात वाजत होता. "त्याच हातानं मला या मुलखात घेतलंन. आता तो हात..."

मार्ग नासिरनं काढला. त्याच घाटाचं नवं रिव्हॉल्व्हर त्यानं रीतसर मागवलं आणि इस्माईलभाईंसमोर ठेवलं. ज्या माणसानं उभी हयात ‘नवं घेऊ नका’ सांगितलं, तोच आता नव्याला जुनं करत बसला. कडा घासून बोथट केल्या. रंग पुसट केला. बुडाची चामड्याची दोरी जुन्याची काढून नव्याला बांधली. आणि लाकडी मूठ, जिथे अर्बाबच्या आणि त्याच्या बापाच्या तळव्यानं खळगा पडला होता, तीसुद्धा नव्यावर बसवली. नवी मूठ गेली जुन्यावर. सगळं जुळलं, राहिलं ते भोक! नजर अधू असली तरी अर्बाबचा अंगठा काही आंधळा नव्हता. त्यात काही कायमचं भरावं तर आतलं कुलूप बिघडेल.

"मेण," मी म्हटलं. "मेणात काजळ मळून देते. काळ्यात काळं, दिसायचं नाही."

वय वाढलं म्हणून अक्कल वाढतेच असं नाही. पण तेव्हा मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. काजळाच्या डबीत ती काळी गोळी घेऊन मी दुकानात गेले आणि केसांतल्या आकड्यानं स्वतः भोक बुजवलं. इस्माईलभाई एका बोटानं नळी भिंतीकडे धरून उभे. "अजून भिंतीला नवरा नाय, वैनी," म्हणाले, पण हसले नाहीत.

ईदला आम्हांलाही बोलावणं होतं. बायका खजुराच्या सावलीत, पुरुष पुढे उन्हात. ओमानचं ऊन! नासिरनं आजोबांच्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं. अर्बाबनं मूठ आवळली, मान डोलावली. मग त्याचा अंगठा कुशीवरून फिरला... आणि थांबला. किती वेळ कोण जाणे. मी जिथे होते तिथून इस्माईलभाई दिसत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या खिशातून आवाज येत नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेण! या उन्हात मेण! इथल्या उन्हाळ्यात कपाटातल्या मेणबत्त्या वितळताना पाहिलेली बाई मी, आणि...

गोळी सुटली. दगड उडाला. सगळे ओरडले. अर्बाबनं रिव्हॉल्व्हर नासिरकडे दिलं, अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि अंगातल्या पांढऱ्याशुभ्र दिशदाशाला, त्या पायघोळ अंगरख्याला, पुसला. छातीवर काळा फराटा उठला. "यल्ला," म्हणाला, "जेवायला चला." बस. हात शाबूत होता, आणि फराट्यासकट तो माणूस दिवसभर लोकांत वावरला.

पुढेही त्यानं कधी विषय काढला नाही. आणि हेच इस्माईलभाईंच्या जिवाला लागलं. हात वाचला, पण आपण त्याला फसवलं की काय? दर शुक्रवारी हाच भुंगा. "वैनी, त्याला कळलं असंल काय?" मी म्हणायचे, तेल वाटलं असेल हो. "तेल असं काळं?" मग विचारा त्याला! "विचारू कसा? कळलं नसंल तर?" मळ्यावरच्या पेटीत जुनं रिव्हॉल्व्हर नवी मूठ लावून पडलंय, नवं जुनी मूठ लावून दर ईदला उडतंय, आता यातलं बापाचं कुठलं, हे त्यांनाच सांगता येईना. नवं घेण्यात अर्थ आहे का, असं दुकानात कुणी विचारलं तर म्हणे ते आताशा नुसता जुडगा वाजवत. शेवटच्या शुक्रवारीसुद्धा चहा संपवून दारात थांबले, म्हणाले, "वैनी, त्याला कळलं असंल काय?" मी वैतागून म्हटलं, "झोपा जाऊन." हे आमचं शेवटचं बोलणं.

हमरियातल्या त्यांच्या खोलीवर मी गेले तेव्हा गावाहून त्यांचा मुलगा आला होता. इथंच मातीत ठेवलं त्यांना. खोली तीच, आमचे हे राहायचे ती. पलंग, इस्त्री, खिडकीत वाळलेला तुळशीसारखा कसलासा पाला. आणि नासिरचा हात धरून, एकेक पायरी चढून, सालिम अर्बाब वर आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. दाराजवळ खिळ्याला जुडगा टांगलेला होता. मुलगा म्हणाला, "या कशाच्या किल्ल्या, कुणाला म्हायती?" अर्बाबनं हात पुढे केला. नजरेनं नाही, अंगठ्यानं एकेक किल्ली चाचपत गेला आणि सगळ्यांत छोटीवर थांबला.

"ही माझी," तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "नव्या रिव्हॉल्व्हरची."

नव्या. मी धीर करून विचारलं, मग बोलला का नाहीत त्यांच्यापाशी? त्यांचा जीव किती...

"तो बोलला नाही," अर्बाब म्हणाला. "मी वाट बघत होतो." मग माझ्याकडे, माझ्या डोळ्यांकडे, निरखून बघितलं. अजूनही मी काजळ घालते. या वयात हसं होतं, होऊ दे. "माझ्या दुकानात काजळ घालणारं कुणी नाही. काजळ तुझं होतं ना? मग किल्लीही तूच ठेव."

इतकी वर्षं दोघं एकाच काउंटरमागे बसले. एक विचारायला घाबरत होता, दुसरा ऐकायची वाट बघत होता. आणि मी मूर्ख, मधल्यामध्ये तेल तेल करत राहिले!

जुडगा आता आमच्या दाराजवळ टांगलाय. शुक्रवारी दुपारी मला जास्तच तळमळायला होतं, मग मी येता-जाता त्याला एक टिचकी मारते. खुळखुळला की म्हणते, "कळलं होतं हो त्याला. पहिल्या दिवशीच कळलं होतं." मग कोलंबी गरम करायला जाते.